मोहनरावांना सहा चटया

—न्हाई हो, उन्हानं रंग उडत न्हाई, एक उन्हाळा आरामात निघतोय, चारी कोपऱ्याला रिंगा बी मारून देतोत — पण मामा, आता बास करा की. बसा. त्या खुर्चीवर नका, तिचा एक पाय लंगडा हाय, हे स्टूल घ्या. आल्यापासून तुमी नुसता भावच इचारायलात, आन् फ्लेक्स कशाचा ते काय सांगंनात. वाढदिवस न्हाई, दुकानाचं उद्घाटन न्हाई, कुणाची निवड न्हाई, श्रद्धांजली न्हाई. केजकडच्या युसूफ वडगाव गावचं माणूस एवढ्या लांब पाटोद्याला फ्लेक्सचा भाव इचारायला येतंय व्हय? तिकडं केजला काय समदी मशीनं बंद पडली का? ... दचकू नका हो. स्टँडवर उतरल्या उतरल्या तुमी बाळूच्या टपरीवर इचारलं — प्रवीण म्हणून पोरगं हाय, कसं हाय, कुणात उठतंय-बसतंय — बाळूनं तुमाला चहा ओतायच्या आधी मला फोन लावला. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, बारीक मिशी. स्थळं जुळवणारी ताराबाई म्हणली व्हतीच, पोरीचे मामा चौकशीला येत्याल, पण कवा येत्याल ते सांगणार न्हाईत. मग शहादेव मामा म्हंजी तुमीच. जय भीम. मीच प्रवीण. ज्याची चौकशी करायलात त्याच्याच पुढं येऊन बसलात. आता सरळ मलाच इचारा. माझ्याबद्दल माझ्याइतकी माहिती ह्या गावात दुसऱ्या कुणाला हाय?

आन् घाई बी करू नका, लाईट गेलीय. एकदा गेली की मशीन बंद, मशीन बंद की सिदू गायब — सिदू म्हंजी ह्या दुकानाचा मालक, माझा दोस्त — गेलाय शिडी घेऊन कुणाचा तरी फ्लेक्स लावायला. मी गल्ल्यावर बसलोय म्हणून मीच फ्लेक्सवाला असं समजू नका. मी आतल्या खोलीत भाड्यानं बसतो. कावून? तर हितं इन्व्हर्टर हाय आन् नेट पळतंय. घरी रेंज यायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतंय. आता तुमी म्हणाल, पोराला घाम कावून आलाय. इन्व्हर्टर नुसता नेटला हाय, पंखा बंद हाय म्हणून, असं मी म्हणू शकतो. पण खरं सांगू का, पोरीच्या वडलांचा तुमच्यावर समदा भरवसा हाय हे मला म्हाईत हाय. तुमी हो म्हणलात तर हो, तुमी तोंड वाकडं केलं तर उद्या दुसरं स्थळ. म्हणून घाम. ... ताराबाईनंच सांगितलं की. दुसरं कोण सांगणार?

चला, तुमच्या वतीनं पहिला प्रश्न मीच इचारतो. पोरगं काय करतंय? गावात इचारलं तर म्हणत्याल, कायबी करत न्हाई. पुण्याला व्हतं, कंपनीनं हाकललं, आता खोलीत कोंडून घेतंय आन् एकटंच बडबडतंय. एकटं न्हाई हो, मीटिंग असती! नोकरी हाय तीच हाय, पगार हाय तोच हाय, फक्त मी हितं हाय. पण आमच्या आईला, चतुराबाईला, हे कोण समजावून सांगणार? लई दिवस ती शेजारणींना सांगायची, पोरगं सुट्टीवर आलंय. एवढी मोठी सुट्टी असती व्हय? मग एक दिवस मीटिंग चालू असताना ताटात भाकरी घेऊन आली, कॅमेऱ्यात तोंड घातलं आन् पुण्याच्या साहेबाला म्हणली, "साहेब, पोरगं दिवसभर कोंडून घेतंय, त्याला जरा उन्हात जाऊ देत जावा, आन् तुमी जेवलात का?" तो माणूस सात वर्सं एवढ्या मोठ्या जागेवर बसलाय, त्याला आजवर कुणी जेवलात का म्हणून इचारलं नसंल. आता मीटिंग सुरू झाली की पहिलं इचारतोय, आई कशा हायत. माझं काम कसं चाललंय ते मागून.

बरं, काम म्हंजी काय? शिंपी बगा. कापडावर खडूनं रेघ मारतोय — हितून काप, हितं दुमड, हितं काज. शर्ट अंगात घातल्यावर ती रेघ दिसती का? न्हाई. पण रेघच मारली न्हाई तर बाही पाठीला लागंल. माझं काम त्या खडूचं. लिहिलेल्या मजकुरात खुणा करायच्या — ही ओळ मोठी, ही बारीक, हे ठळक, हे एकाखाली एक — मशीन ती खूण वाचतंय, तसं मांडतंय, आन् खूण गायब. त्यात अवघड काय न्हाई, तुमीबी करता. व्हॉट्सअपवर शब्दाच्या अलीकडं-पलीकडं एक-एक चांदणी टाकली की शब्द जाड व्हतोय ना? ती खूणच की. ... न्हाई टाकत? मग तुमचं ते रोज सकाळचं 'शुभ प्रभात' जाड अक्षरात कसं येतंय? ... म्हंजी, समद्यांचंच येतंय. तुमच्या वयाच्या समद्यांचं येतंय, असं म्हणलो मी. पुढं ढकलत असताल. बरं, ऱ्हाऊ द्या ते.

तर ह्या खुणांवर मी टिपणं लिहितो. पगाराचं काम न्हाई हे, माझी स्वतःची खाज. इंटरनेटवर एक पान हाय माझं, मराठीत — खुणा करायचं कोणतं साधन चांगलं, कोणतं भंगार, कोणत्या ॲपनं माझा अख्खा मजकूर गिळला, जोडाक्षरं कुठं फुटत्यात, पाटोद्यात कोणत्या कंपनीची रेंज कोणत्या टाकीवर येती. कोण वाचतंय असलं? लई दिवस एकच माणूस वाचत व्हता. पानाच्या मागं वाचणाऱ्यांचा आकडा दिसतोय ना — एक. रोज एक. मला वाटलं, ते मीच. मग एकदा तापानं आडवा पडलो, फोनला हात न्हाई लावला, उठून बगतो तर तरी बी आकडा एकच. म्हणलं, च्यायला, हाय की कोणतरी. ... चहा आला बगा. ठेव रे हितं. हा घ्या मामा, तुमचा बिनसाखरेचा. ... अंदाजानं सांगितला. तुमच्या तोंडावरून वाटलं. न्हाई, तोंड कडू हाय असं न्हाई म्हणलो! घ्या, निवतोय.

आता तुमचा खरा प्रश्न. ज्याच्यासाठी तुमी आलात. मोहनरावच्या फ्लेक्सचं काय झालं? ऐकलंय ना तुमी? वडगावपर्यंत गेलंय म्हंजी ते केजवरून वळसा घालूनच गेलं असणार आन् वाटंत फुगलं असणार. म्हणून माझ्या तोंडून ऐका. आमच्या हितं फ्लेक्स म्हंजी काय असतंय ते तुमाला सांगायची गरज न्हाई. ज्याचा वाढदिवस तो मधी, लई मोठा. वरच्या अंगाला त्याचे नेते, गोल गोल. खाली शुभेच्छुक — अख्खी पलटण. कुणाचा फोटू कुणापेक्षा बोटभर जरी लहान झाला तरी माणूस दुकानात येऊन टेबलावर हात आपटतोय. सिदूचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. हा मोठा कर, तो लहान कर, ह्याला त्याच्या शेजारी ठेवू नको, दोघं बोलत न्हाईत. मला त्याची दया आली. म्हणलं, सिदू, खुणा करू. लोकांनी व्हॉट्सअपवर साधी नावं धाडायची, एका ओळीत एक, आन् नावाच्या आधी हॅश टाकायची — फोनवर असती बगा ती खूण, दोन रेघा आडव्या, दोन उभ्या. एक हॅश म्हंजी समद्यात मोठा. दोन म्हंजी त्याच्याहून लहान. तीन, चार, पाच, सहा — तसतसा बारीक. मशीन खुणा वाचंल, फोटू त्या मापात बसवंल, थेट छपाईला. सिदूनं हात बी लावायचा न्हाई. जगात समदीकडं असंच असतंय मामा! एक हॅश, मोठं शीर्षक. मी काय घरचं न्हवतं काढलं.

सिदूनं काय केलं? ती खूण बगितली आन् म्हणला, "ही तर चटई दिसती." झालं, नाव पडलं चटई. गिऱ्हाईकाला सांगायचा, "नावाच्या आधी चटया टाकून धाडा, माप आपोआप बसतंय." एवढंच. कमी टाकायच्या का जास्त, ते त्यानं सांगितलंच न्हाई, त्याला वाटलं लोकांना कळंल. आता तुमीच सांगा — घरी पाव्हणा आला, मोठं माणूस आलं, तर त्याला एक चटई टाकता का एकावर एक दोन-चार टाकता? ... हां! सहा चटया टाकल्यावर माणूस वर बसणार का खाली? वर! हे तुमाला एका सेकंदात कळलं. मला इंजिनिअर होऊन न्हाई कळलं.

मोहनरावचा वाढदिवस आला. गडी तालुक्यातला जुना पुढारी, पंचायत समितीत व्हता. त्यांचा उजवा हात आदिनाथ — यादी त्यानं धाडली. मोहनरावांना सहा चटया. वरच्या नेत्यांना पाच-पाच. स्वतःला चार, म्हंजी तिथंबी त्यानं लाज सोडलीच. मग तीन, मग दोन, आन् तळाला एकच चटई कुणाला? बाळूला. टपरीवाल्या बाळूला. त्यानं वर्गणी दिली व्हती, आन् कार्यक्रमाचा चहा त्याच्याकडून फुकट पाहिजे व्हता, म्हणून नाव टाकलं. बाळूनं फोटू कोणता द्यावा? पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, काळा गॉगल, हात कमरेवर. मशीननं खुणा वाचल्या. मशीनला काय कळतंय, कोण पुढारी आन् कोण चहावाला? सकाळी सिदूच्या पोरांनी गुंडाळी नेली, चौकात दोऱ्या बांधल्या आन् सोडली.

काय सांगू मामा तुमाला! अख्ख्या चौकावर बाळू. फेटा, गॉगल, दोन मजली. वर लिहिलेलं — वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. बाजाराचा दिवस, खेड्यापाड्यातून लोकं आलेले, त्यांना काय म्हाईत वाढदिवस कुणाचा? लोकं टपरीवर जाऊन बाळूला हार घालायले. एक म्हातारी म्हणली, "बाबा, माझं निराधारचं काम अडकलंय, बग जरा." आन् बाळू, तो गडी तर काय, तो म्हणला, "बगतो मावशी, कागदं आणून द्या." नाकारलं न्हाई त्यानं! सिदूनं हात जोडले, फ्लेक्स काढू दे बे. बाळू म्हणला, "काढ की, पण हे गळ्यातले हार कुणाला देऊ?" मी आतल्या खोलीतून खिडकीतनं बगायलो आन् हसू दाबता दाबता डोळ्याला पाणी. घाबरलोबी व्हतो. दोन्ही एकदम व्हतंय कधी कधी.

दुपारी मोहनरावची पांढरी गाडी आली. खाली उतरले, वर बगितलं — बाळू. डाव्या अंगाला बगितलं — गावातली पोरं. उजव्या अंगाला बगितलं — तेच. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणले, "आदिनाथ, मी कुठंय?" आदिनाथनं बोट दाखवलं. खालच्या कोपऱ्यात, सिदूच्या दुकानाच्या नंबरावर, पासपोर्टला लावतो त्या मापात. नंबर त्यांच्या तोंडापेक्षा मोठा व्हता मामा. मी म्हणलं, आता गेलो. सिदूनं शटर अर्धं वढलं. आन् मोहनरावांनी काय करावं? टपरीवर गेले, बाळूच्या गळ्यातला एक हार काढून त्याच्याच गळ्यात परत घातला, चहा मागितला आन् मोठ्यानं म्हणले, "मीच सांगितलतं असं करायला. कार्यकर्ता मोठा पाहिजे, नेता बारीक पाहिजे." टाळ्या! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटू. पुढारी पुढारीच असतंय हो, पडलं तरी उठताना मूठभर माती हातात घेऊन उठतंय. आता तमाशा बगा — त्याच्यानंतर तालुक्यात जो येतोय तो म्हणतोय, माझा फोटू बारीक टाक. कोण जास्त बारीक ह्याच्यावरून भांडणं! परवा दोघं टेबलावर हात आपटून गेले, मला त्याच्यापेक्षा मोठा कावून केला म्हणून.

हसलात. हसलात तुमी, मी बगितलं, मिशीखाली हसलात. पण आदिनाथला हसू येईना. त्याची इज्जत गेली, यादी त्याची व्हती ना. तो अजून सांगत फिरतोय, त्या पोरानं मुद्दाम केलं. तुमाला बी भेटला ना तो स्टँडवर? बाळू म्हणला. "पोरगं हुशार हाय पण उद्धट हाय" — असंच म्हणला ना? ... मग. एक सांगतो मामा, हसण्यावारी न्हाई सांगत. आपल्या वस्तीतला बाळू वर आन् मोहनराव खाली, हे दुसऱ्या कुणाच्या हातनं झालं असतं तर लोकं म्हणले असते, चूक झाली, जाऊ द्या. माझ्या हातनं झालं, म्हणून मुद्दाम. ह्याचा मला राग आलता. आजबी येतोय. चुकायची मुभा बी आपल्याला जरा कमीच मिळती. ... तुमी मान हलवली. बास, मग ह्याच्यावर जास्त बोलत न्हाई.

पण मुद्दाम केलं का? न्हाई. चूक माझीच, पण ती वेगळी. मला आधीच सांगितलतं. फ्लेक्स लागायच्या किती तरी आधी मी चटयांची ही रीत माझ्या त्या पानावर टाकलती, त्याच्याखाली कुणीतरी लिहिलतं — "तुमच्या चटया उलट्या हायत. गावातलं माणूस ज्याला मान द्यायचा त्यालाच जास्त टाकंल." आता हे ऐकायचं का न्हाई? पण मला मस्ती. मी लिहिलं, "ताई, जगात असंच चालतंय" — म्हंजी ताई न्हाई, दादा. दादा लिहिलं. कोण लिहितंय तेच म्हाईत न्हवतं ना तवा, म्हणून ताई — म्हणून दादा. तर उत्तर आलं, "जग पाटोद्याच्या चौकात फ्लेक्स लावायला येत न्हाई." बगा! असं तोंडावर. मी तरी बी बदललं न्हाई. मग ज्या दिवशी बाळू चौकात लटकला त्या दिवशी मी आपणहून लिहिलं, तुमचं बरोबर व्हतं. उत्तर काय आलं? "बाळूचा फोटू धाडा." बास, एवढंच. मी धाडला. मग फोन आला तर पलीकडनं नुसतं हसणं, बोलणंच न्हाई, यशू एवढी हसती एकदा सुटली की—

...

यशवंत. यशवंत म्हणलो मी. हाय एक पोरगं, यशवंत नावाचं. ... वडगावचं. ... न्हाई न्हाई, दुसरं वडगाव, वडगावं लई हायत मराठवाड्यात. ... हसतो, म्हणायचं व्हतं. हसती न्हाई, हसतो. ... मामा, तो कप खाली ठेवलात तसा नका ना ठेवू. निम्मा ऱ्हायलाय.

बरं. सांगतो. आता झाकून काय उपेग न्हाई. ती एक वाचक, रोजचा तो एक आकडा — ती तुमची भाची व्हती. ती घरी बसून पुस्तकांची मांडणी करती ना, त्या प्रकाशकासाठी? तिलाबी ह्याच खुणा लागत्यात. जोडाक्षरं फुटत व्हती म्हणून शोधत शोधत माझ्या पानावर आली आन् ऱ्हायली. तुमचा बिनसाखरेचा चहा, तुमचं ते जाड अक्षरातलं शुभ प्रभात — तिनंच सांगितलं. आन् मी पहिल्यांदा तिला ताईच लिहिलतं, ते खरं हाय, त्याच्यावरून अजून मला टोमणे खावे लागत्यात. ... भेटलो का? भेटलो. केजच्या स्टँडवर, भर दुपारी, लोकांत. आन् एकदा बीडला. चहा पिलो आन् भांडलो. कशावरून? चटयांवरून! तिच्या सांगण्यावरून मी चटया उलट्या केल्या — जास्त चटया, मोठा माणूस. तवर तालुक्यातल्या लोकांना पहिली रीत पाठ झालेली, आन् त्यात समद्यांना बारीक व्हायचं! सिदू रडायला आलता. शेवटी तीच म्हणली, "चटया काढून टाक. नावाच्या आधी सरळ शब्द लिहायला सांग — मोठा, मधला, बारीक. लोकांना लिहिता येतंय की." एवढं साधं. मी इतकी वर्सं खुणाच करतोय, मला न्हाई सुचलं. आता तसंच हाय, एक भांडण न्हाई — भांडणं हायत, पण ती माझ्या नावानं न्हाईत.

आन् स्थळ? मामा, स्थळ तुमच्याकडं आपोआप चालत न्हाई आलं. आमी चालवलं. तिचे आप्पा म्हणत्यात ना, पोरीनं स्वतः बघितलेलं स्थळ घरात चालणार न्हाई, समदं रीतीनं झालं पाहिजे. मग म्हणलं, रीतीनं करू. मी आईला म्हणलं माझी माहिती ताराबाईला दे, तिनं आप्पांना म्हणलं ताराबाईला इचारा. ताराबाईला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई हो, तिला वाटतंय तिनंच जुळवलं, ती गावभर सांगायली की माझी नजर कशी हाय. माझ्या आईलाबी म्हाईत न्हाई. आता ह्या जगात म्हाईत असलेले तिघंच — ती, मी आन् तुमी. आन् तुमी हे आप्पांना सांगितलंत की संपलं. त्यांचा राग तिला म्हाईत हाय, मला तिच्या आवाजावरून म्हाईत हाय. आज सकाळीच फोन आला, "मामा कवाबी येत्याल. इचारत्याल तेवढंच सांग. जास्त बोलू नको, प्रवीण, हात जोडते." एवढंच सांगितलतं तिनं. एवढंच जमलं न्हाई मला.

मामा, मला ती लई आवडती. आता एवढं समदं सांगितलं, हे कावून ठेवू? पुण्याला व्हतो तवा एका खोलीत चौघं ऱ्हायचो, दिवसभर लोकांशी बोलायचो, पण मी काय म्हणलो ते कुणाच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. हिच्या ध्यानात ऱ्हातंय. ती चुकलेलं सांगती आन् मग पळून जात न्हाई, थांबती. तुमाला पोरगं पुण्याचं पाहिजे असंल, फ्लॅटवालं, तर तसं सांगा, मी जातो पुण्याला परत, टाकीवर चढायचं तरी वाचंल. ... मामा, शिव्या द्या वाटल्यास.

... फोन कावून काढला? ... कुणाला लावायलात? यशोधराला? ... मग? ... आप्पांना? आत्ता? मामा, एक मिनिट, मामा, ऐका तर, तिला तरी आधी सांगू द्या मला, ती जेवायला बसली असंल, तिच्या पुढ्यातच आप्पा असत्याल— ... बरं. हात दाखवलात, थांबतो.

...

काय म्हणलात? 'पोरगं भेटलं, बरं हाय'? ... काय? 'शांत हाय, इचारलं तेवढंच बोलतंय'? कोण? मी? मामा, तुमी आप्पांना— ... गप. बरं. गप बसलो.

...

मला? माझ्याशी बोलायचं म्हणत्यात? ... द्या. ... हॅलो. जय भीम. ... व्हय. ... व्हय. ... न्हाई. ... व्हय.